आमचे बोके

माणसाला व्यसन जडते तेव्हा ते बहुधा छंदाचे सोज्वळ वस्त्र पांघरून घरात शिरते. आमच्या घरी ते एका काळ्या पिशवीत बसून आले. पिशवीत कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याबरोबर दुकानदाराने दिलेले एक भिंग होते. ‘बरोबर मिळालेले भिंग’ या वस्तूला छायाचित्रकारांच्या जगात काय प्रतिष्ठा असते हे ठाऊक नसल्यामुळे पहिले सहा महिने आम्ही परमसुखात काढले. वाडीतली जास्वंद, चर्चचा मनोरा, रविवारची मिस्सा सुटल्यावर पायऱ्यांवर रेंगाळणारी माणसे, जे दिसेल ते आम्ही टिपीत होतो आणि टिपलेले घरच्यांना आवडतही होते. पुढे वसईतल्याच काही समव्यसनी मंडळींशी परिचय झाला. त्यांतील एका गृहस्थांनी आमच्या भिंगाकडे पाहिले आणि अत्यवस्थ रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलावे तशा हळुवार स्वरात विचारले, “अजून हेच वापरता?”

आमच्या सुखाचा तो शेवटचा दिवस.

परदेशांत या विकाराला ‘गॅस’ असे नाव आहे. उपकरणे जमविण्याचा विकार, अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. गिटार वाजविणाऱ्यांनी ती प्रथम स्वतःसाठी योजिली आणि छायाचित्रकारांनी त्यांच्याकडून उसनी घेतली. आपल्याकडे या शब्दाचा रूढ अर्थ निराळा असला तरी लक्षणे पुष्कळशी जुळतात. छातीत दाटून येते, रात्री झोप लागत नाही, थोडे काही घेतले की तात्पुरता आराम पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फरक इतकाच की पोटातल्या गॅसला चिमूटभर ओवा पुरतो. या दुसऱ्या गॅसला आम्हांस मुंबईच्या बोरा बाजारात जावे लागे, आणि तिथला ओवा फार महाग.

तिपाईचेच उदाहरण घ्या. पहिली तिपाई वजनाला हलकी म्हणून घेतली. ती वाऱ्याने हलते असे आढळले, म्हणून दुसरी जड घेतली. जड असल्यामुळे ती घरीच राहू लागली, म्हणून तिसरी घेतली. भिंगांचे तर विचारू नका. सौ. दर वेळी शंका घेत, “हे आपल्याकडे आधी नव्हते ना?” आणि आम्ही म्हणत असू, “तेच आहे, पुसून ठेवलेय.” बहुतेक सारी भिंगे काळी असतात ही कारखानदारांनी संसारी गृहस्थांवर केलेली मोठीच कृपा होय. लांब पल्ल्याची काही भिंगे पांढऱ्या रंगाची निघतात. ते एक आम्ही आजवर घेतलेले नाही; संयम होता असे कोणी समजू नये, रंग आडवा आला. वसईची हवा दमट, भिंगाच्या आत बुरशी धरते. म्हणून विजेवर चालणारे एक काचेचे कपाट आणून त्यात ती ठेवली. त्याच सुमारास स्वयंपाकघरात सौ.चे पापड सादळत होते. ते त्या कपाटात ठेवावेत अशी सूचना त्यांनी केली तेव्हा आमचा चेहरा कसा झाला हे त्या अजून पाहुण्यांना सांगतात.

आमच्या मंडळात कॅननपंथी आणि निकॉनपंथी असे दोन तट आहेत. एकमेकांच्या घरच्या लग्नकार्याला जातात, परंतु एकमेकांची भिंगे वापरीत नाहीत. वापरू म्हटले तरी ती बसतच नाहीत. एका बैठकीत आम्ही वाचलेली माहिती मोठ्या उत्साहाने सांगितली, की कॅननच्या १९३४ सालच्या पहिल्या नमुन्याला बौद्धांच्या करुणादेवतेवरून ‘क्वानोन’ असे नाव होते आणि विक्रीला आलेल्या त्यांच्या पहिल्या कॅमेऱ्यावरचे भिंग पुढे निकॉन म्हणून नावारूपाला आलेल्या कारखान्याने बनविले होते. दोन्ही तटांनी आमच्याशी महिनाभर अबोला धरला. पुढे २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेले नव्या धाटणीचे कॅमेरे काढले आणि त्यांवर जुनी भिंगे जोडतुकड्यावाचून बसेनात, तेव्हा मात्र सगळे गळ्यात गळे घालून रडले.

या साऱ्या उपद्व्यापाच्या मुळाशी आमच्या बाबतीत एक शब्द होता. छायाचित्रातील मुख्य व्यक्ती स्पष्ट यावी आणि तिच्या मागचे सारे लोण्यासारखे वितळून जावे, या परिणामाला जाणकार ‘बोके’ म्हणतात. शब्द मूळचा जपानी, अर्थ धूसरपणा. १९९७ मध्ये एका अमेरिकन मासिकाने त्याला इंग्रजी लिपीत रूढ केले आणि तेथून तो जगभर हिंडत आमच्या ओटीवर आला. दूरध्वनीवर आम्ही कोणाला तरी सांगत होतो, “काय सुंदर बोके आलेत हो तुमचे!” सौ.नी आतून विचारले, “किती आहेत? एखादा आपल्याला मागा, घरात उंदीर फार झालेत.” आम्ही त्यांना जपानी भाषेची हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि संध्याकाळी उंदरांचा पिंजरा आणला.

बोके उत्तम यावेत म्हणून आम्ही एक भिंग घेतले. त्याची किंमत लाखाच्या घरात होती एवढेच येथे सांगतो, कारण हे त्रैमासिक आमच्या घरीही येते. पंच्याऐंशी मिलिमीटरचे, आणि तोंड इतके मोठे की त्यात पाहणाऱ्याला आपलेच प्रतिबिंब दिसावे. या भिंगाचे शास्त्र असे, की ते पूर्ण उघडून दोन मीटरवर बसलेल्या माणसाचे छायाचित्र घ्यावे तर जेमतेम चार-पाच सेंटीमीटर खोलीपुरतेच सारे स्पष्ट येते. डोळे नेमके धरले तर कान धूसर. त्याच्या मागे घर असो, डोंगर असो, की मिरवणूक असो, सर्वांची सारखीच खीर.

आमच्या वडिलांपाशी आग्फाचा ‘क्लिक थ्री’ होता, बडोद्याला तयार होणारा. त्यात फिरवायचे फारसे काही नव्हतेच. पाठीमागच्या तांबड्या खिडकीत आकडा पाहून रीळ पुढे सरकवायचे आणि खटका दाबायचा. एका रिळात बारा चित्रे. नाताळात भरलेले रीळ ईस्टरपर्यंत आणि ओढग्रस्तीच्या वर्षी पुढल्या नाताळापर्यंत पुरविले जाई. आमच्या आजीचा एकुलता एक फोटो त्यातलाच. आजी अंगणात उभी आहे, डोळ्यांवर ऊन आलेले. मागे रहाटाची विहीर, कौलारू घर, दारात धाकटी आत्या, कोपऱ्यात कोणाची तरी सायकल. सुमारे दहा फुटांच्या पुढचे सारे काही त्या डब्याला सारखेच दिसे, बारीक-सारीक कशाचेच त्याला फारसे वावडे नव्हते. तो फोटो आम्ही मंडळातल्या तज्ज्ञांना एकदा दाखविला होता. “पार्श्वभूमीत फार गर्दी आहे,” असे त्यांचे मत पडले, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हीही मान डोलावली.

आता धारूरची हकिकत. आमचे मेहुणे एका बँकेत नोकरीला. त्यांची बदली अंबाजोगाईला झाली होती. २०१७ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील, त्यांनी कळविले की इकडे धारूरला जुना किल्ला आहे, पाहायला या. आम्ही मंडळातले तिघे स्नेही बरोबर घेतले. एक इतिहासाचे निवृत्त शिक्षक, एक दातांचे डॉक्टर आणि एक इमारतींचे ठेकेदार. चौघांत मिळून अकरा पिशव्या. लातूरला उतरलो तेव्हा हमालाने विचारले, “लग्नाची ऑर्डर हाय का साहेब?” हौशी छायाचित्रकाराला याहून मोठा अपमान नाही. ठेकेदार स्नेही अंबाजोगाई येईपर्यंत गाडीत बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून सूर्योदयाला किल्ल्यावर असावे असा बेत होता. कोणत्या पिशव्या न्याव्यात यावर वाद होऊन आम्ही केजवरून धारूरला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. वाटेवर सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते का मिळाले हे कळायला एक फळ पुरते. मेहुण्यांचा बारा वर्षांचा मुलगा बरोबर होता. त्याने सात खाल्ली. आम्ही एका फळाची, त्याच्या खवल्यांत भिंगाची धार कशी उतरते हे पाहण्यासाठी, वीस छायाचित्रे घेतली आणि ते तेथेच विसरून आलो.

धारूरचा किल्ला बालाघाटाच्या डोंगरांत आहे. विजापूरच्या आदिलशाहीतील किश्वरखान याने तो १५६७ मध्ये बांधला. लवकरच निजामशाहीने तो घेतला आणि त्या लढाईत किश्वरखान कामी आला. १६३१ मध्ये मोगल आले. फतेहाबाद असेही त्याचे नाव होते. कडेला दऱ्या, पलीकडे खंदक, पडझडीतही छाती काढून उभे असलेले बुरूज, आणि पाण्याची दोन ठिकाणे, ज्यांना गोडी दिंडी आणि खारी दिंडी म्हणतात. एकाच किल्ल्याच्या पोटात गोडे आणि खारे! एवढे ऐकल्यावर कोणीही शहाणा मनुष्य ती दोन पाणी पाहायला धावला असता. आम्ही धावलो नाही. याचे कारण जाणकारांच्या ध्यानात येईल. नवे भिंग घेतले की त्याची परीक्षा भिंतीवर करतात. विटांच्या किंवा दगडांच्या सरळ ओळी कडेला वाकतात काय, कोपऱ्यात पुसट होतात काय, हे भिंतीवर चटकन कळते. घरी असताना आम्ही शेजाऱ्यांच्या कंपाउंडवर भागवीत होतो, आणि शेजारी एकदा नगरपालिकेची मोजणी आली समजून घाबरलेही होते. इथे तर साडेचारशे वर्षांची अखंड परीक्षण-भिंत पुढ्यात उभी! दुपारपर्यंत चौघांनी मिळून तिची चारशेच्या वर छायाचित्रे घेतली. ती आजही आमच्यापाशी आहेत. कोपरे उत्तम आले आहेत.

फराळाला बसलो तेव्हा शिक्षक स्नेह्यांना इतिहास आठवला. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि सहाव्या निजामाचे छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. १८४४ मध्ये मीरतजवळच्या सरधना गावी जन्मलेले. हे तेच सरधना, जेथे बेगम समरूने बांधलेले प्रसिद्ध चर्च आहे. लाकडी पेटीसारखा कॅमेरा आणि काचेच्या जड पट्ट्या माणसांकरवी वाहून नेत त्यांनी वेरूळची लेणी टिपली. आपण ज्याला आज भक्तिभावाने ‘फुल फ्रेम’ म्हणतो तो छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरचा तुकडा १९२५ मध्ये लायका कॅमेऱ्याबरोबर बाजारात आला, तेव्हा काचवाल्यांच्या लेखी तो लघुकॅमेरा होता, असेही त्यांनी सांगितले. सर्वांनी ऐकून घेतले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ठेकेदारांनी विचारले, “पण दीनदयाळांकडे भिंग कोणते होते?”

उन्हे कलताना खाली उतरलो. गावाबाहेर एका वस्तीपाशी रस्त्याकडेला तांबडा ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॉलीवर सामान चढत होते. पिठाची पोती, भांड्यांचे बोचके, बांबू, ताडपत्री, गुंडाळलेली अंथरुणे, आणि वेगळी बांधलेली कोयत्यांची मोळी. वाचकांपैकी जे पश्चिम महाराष्ट्रात राहतात त्यांनी ही माणसे दुसऱ्या टोकाला पाहिली असतील, उसाच्या फडात, कारखान्याजवळच्या कोप्यांतून. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर ती निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती तोडणीवर फेडायची. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांचा हिशेब एका हत्याराच्या नावे. लहान मुले बरोबर जातात, म्हातारी माणसे मागे राहतात.

एका घराच्या ओट्यावर अशाच एक आजी बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. चेहरा असा, की चौघांचेही हात एकाच वेळी पिशवीकडे गेले. आमची हत्यारे पाहून त्यांनीच हाक मारली, “फोटूवालं हाय व्हय? माजा येक फोटू काढा की बाबा. लेकरं चाल्लीत.”

यातले पहिले वाक्य आम्ही ऐकले.

पुढचा अर्धा तास आमच्या मंडळाच्या इतिहासात अविस्मरणीय ठरला. कलते ऊन ओट्यावर येत होते. आजींना आम्ही थोडे डावीकडे सरकविले, हनुवटी वर करायला लावली, पदर सारखा करायला लावला. चेहरा खालून चांगला येतो म्हणून चौघेही जमिनीला टेकलो; शिक्षक ढोपरांवर, डॉक्टर उकिडवे, आम्ही कोपरांवर, ठेकेदार चक्क पालथे. मागे ट्रॅक्टरपाशी आजींचा मुलगा दोर आवळत होता. त्याची बायको लहानग्याला कडेवर घेऊन उभी होती. ती दोघे अधूनमधून काम थांबवून ओट्याकडे पाहत. “मागची मंडळी बाजूला करू या का?” डॉक्टरांनी विचारले. “राहू द्या,” आम्ही म्हणालो. आमचे हे वाक्य आम्हांला पुढे पुष्कळदा आठवले. “राहू द्या. तांबडा रंग आहे, छान विरघळेल.”

एकट्या आम्ही सदतीस छायाचित्रे घेतली. मग चौघे रस्त्याच्या कडेला सावलीत उभे राहून कॅमेऱ्यांच्या पाठी एकमेकांना दाखवू लागलो. कोणाच्या भिंगाने पापणीचा केस न् केस धरला, कोणाचे बोके अधिक मुलायम, यावर हिरीरीने चर्चा चालली असता ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. वर पाहिले तेव्हा ट्रॉली वळणापाशी गेली होती. आजी ओट्यावरून उठून केव्हाच रस्त्यात आल्या होत्या आणि हात वर करून उभ्या होत्या. कॅमेरे चार होते, भिंगे नऊ होती. त्या क्षणाचे छायाचित्र कोणापाशीच नाही. निघताना आम्ही त्यांना सांगितले, “आठ दिवसांत फोटो पाठवतो, आजी.”

वसईला आल्यावर सदतिसांतून एक निवडले, रंग थोडे खुलविले आणि एका स्पर्धेत धाडले. दुसरे पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी पार्श्वभूमीच्या मुलायमपणाचा खास उल्लेख केला. नाताळात घरी येणाऱ्या प्रत्येकाला केकच्या बशीबरोबर आम्ही ते चित्र दाखवीत होतो. पुढल्या वर्षी प्रायश्चित्तकाळातल्या एका शुक्रवारी जेवताना सौ.नी सहज विचारले, “त्या आजींना दिलात का हो त्यांचा फोटो?” ताटात मासळीदेखील नव्हती, त्यामुळे काटा घशात अडकल्याची सबब सांगता आली नाही.

मार्चच्या मध्यावर आम्ही एकटेच निघालो. बारा बाय अठरा इंचांची प्रत, सोनेरी चौकट, काच, सारे यथासांग. मेहुणे आणि त्यांचा मुलगा गाडीने बरोबर आले. वस्ती बरीच सुनी होती. बहुतेक दारांना कुलपे आणि ओट्यांवर आमच्या आजींसारखी तुरळक माणसे. आजींनी ओळखले. चौकट मांडीवर घेतली, पदराने काच पुसली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. आम्ही स्तुतीची वाट पाहत उभे.

“ह्ये माजं त्वांड,” त्या म्हणाल्या. “ते ऱ्हाऊ द्या. ल्योक कुटंय?”

आम्ही खाली बसलो. मागच्या तांबड्या धुक्यावर बोट ठेवून सांगितले, हा ट्रॅक्टर. त्याच्या शेजारी एक करडा डाग होता. “ह्यो?” आजींनी विचारले. आम्ही होय म्हटले. त्यांनी आपले बोट त्या डागावर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. “आन् सूनबाय? बारकं?” त्या दोघांचे आम्हांलाही नक्की सांगता येईना. लेकाचा एक फोटो घरात आहे, पण तो कार्डावरचा, त्यात तो चोरावानी दिसतो, असे त्या म्हणाल्या. जाताना सगळ्यांचा एक असावा म्हणून तर तुम्हांला हाक मारली. एवढे बोलून त्यांनी आमच्यासाठी चहा ठेवला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

अंबाजोगाईला परतताना गाडीत आम्ही मनातल्या मनात सदतीसच्या सदतीस चित्रे तपासली. सगळ्यांत भिंग पूर्ण उघडलेले. काचेने आपले काम चोख बजावले होते. लेक, सून आणि नातू तिने एका लाखात सफाईने वितळवून दिले होते. आग्फाच्या डब्यात तिघेही आले असते, थोडे तिरपे आले असते. ते भिंग आम्ही विकले असेल अशी वाचकांची समजूत होण्यापूर्वी सांगितलेले बरे, की ते अजून कपाटात आहे. आमच्यासारख्यांकडून इतक्या अपेक्षा करू नयेत.

रात्री जेवणे झाल्यावर भाचा हळूच आमच्याजवळ आला. हातात त्याच्या आईचा मोबाइल होता. “आतोबा, रागावणार नसाल तर एक दाखवतो.” नोव्हेंबरात त्या दिवशी, आम्ही जमिनीवर पसरलो असताना, शाळेतल्या मित्रांना दाखवून हसावे म्हणून त्याने आमच्या पाठीमागून एक फोटो काढला होता. पुढे आम्हा चौघांच्या चार पाठी. पाठी हा शब्द सभ्यतेसाठी. पलीकडे ओट्यावर हनुवटी वर करून आजी. त्यांच्या मागे ट्रॅक्टरच्या चाकावर एक पाय ठेवून दोर हातात घेतलेला मुलगा, इकडेच पाहणारा. शेजारी सून, तिच्या कडेवरचा लहानगा तोंडात बोट घालून. घराचे दार, दारावरचे तोरण, ट्रॉलीवरची कोयत्यांची मोळीसुद्धा. मोबाइलचे भिंग हरभऱ्याएवढे. त्याला कोणाला पुसून टाकण्याची विद्याच अवगत नाही. सारे काही जसेच्या तसे आले होते.

सकाळी अंबाजोगाईतल्या एका स्टुडिओतून आठ बाय बाराची प्रत काढून घेतली. खालचा भाग कापावा काय, असे तेथल्या तरुणाने आम्हांला नखशिखान्त न्याहाळीत विचारले. आम्ही कापा म्हणणार होतो. पण ठेकेदारांच्या पाठीला लागूनच आजींचे पाऊल होते. कापायचे तर तेही जात होते.

लातूरची गाडी रात्रीची होती, म्हणून पुन्हा धारूर गाठले. या वेळी आजींनी चहाचे विचारले नाही. प्रत उजेडाला धरून दारातच उभ्या राहिल्या. लेकापाशी बोट थांबले, सुनेपाशी थांबले, लहानग्यापाशी थांबले आणि मग तोरणापर्यंत जाऊन परत आले. शेजारणीला हाक गेली. ती आली, तिची नात आली. सगळ्यांनी मिळून ट्रॉलीवरची अंथरुणेसुद्धा ओळखली, कोणते कोणाच्या लग्नातले ते.

“त्यो सोन्याचा फरेम हाय नव्हं काल दिल्याला,” आजी म्हणाल्या, “त्यात ह्ये बसवा.” आम्ही मागचे खिळे उचकटले. चित्र लहान, चौकट मोठी. मध्ये बसवायला पाठीमागे काहीतरी जाडसर हवे होते. द्वितीय पारितोषिकाची प्रत उलटी घालून तिच्या पांढऱ्या पाठीवर भाच्याचे चित्र चिकटविले. ते चपखल बसले.

चौकट भिंतीवर चढली. आजी दोन पावले मागे सरल्या, मान कलती केली आणि त्यांची नजर प्रथमच चित्राच्या खालच्या भागावर उतरली.

“आन् ही चार माणसं?” त्यांनी विचारले. “ह्यांचं काय हरवलं व्हतं?”

डावीकडून दुसरे ते आम्ही, असे आम्ही सांगितले.